खाजकुइली, सर्पगंधा आणि मेंदूतली वीज

पावसाळा संपल्यावर जव्हार-मोखाड्याकडे किंवा काळदुर्ग-तांदुळवाडीच्या वाटेनं भटकलेल्या प्रत्येकाला खाजकुइली माहीत असते. ज्याला नसते त्याला ती एकदा अंगाला लागली की जन्मभर लक्षात राहते. शेंगांवरची ती मऊ, सोनेरी लव दिसायला मखमलीसारखी, आणि वाऱ्यानं जरी अंगावर उडाली तरी माणूस खाजवून खाजवून रडकुंडीला येतो. मग कुणी म्हणतं शेण लावा, कुणी म्हणतं राख चोळा. ट्रेकरमंडळींच्या शब्दकोशात या वेलीला फारसे चांगले शब्द नाहीत.

पण या शेंगांच्या आतल्या बिया मात्र भलत्याच मोलाच्या आहेत. त्यांच्यात साधारण ४ ते ६ टक्के लेवोडोपा असतं. पार्किन्सन्सच्या रुग्णाला आज जगात कुठेही जे मुख्य औषध दिलं जातं, तेच हे रसायन. कुंपणावर उगवणारी, गुरंसुद्धा टाळतात अशी वेल, आणि मेंदूच्या एका दुर्धर आजाराचं औषध, यांचा संबंध लागला कसा? तो शोधायला गेलं की वाटेत सर्पगंधा भेटते, मुंबईचे एक हृदयरोगतज्ज्ञ भेटतात, स्वीडनमधले ससे भेटतात आणि शेवटी मेंदूत तार सोडून वीज देणारे सर्जनही भेटतात. या वीकांताला तीच गोष्ट. जरा लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

सुरुवात सर्पगंधेपासून करू. सह्याद्रीत आणि कोकणातही सापडणारं हे छोटं झुडूप. याच्या मुळ्या साप चावल्यावर, ताप आल्यावर आणि ‘वेड लागल्यावर’ देत असत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की हे औषध उन्मादावर चालतं आणि रक्तदाबही उतरवतं. लेख भारतातल्याच नियतकालिकात आला, बाहेर कुणी फारसं वाचलं नाही. संशोधनाच्या जगात ‘कुठे छापलं’ हा प्रश्न ‘काय छापलं’ इतकाच महत्त्वाचा असतो, हे तेव्हाही खरं होतं.

मग आले डॉ. रुस्तम जाल वकील. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. यात कुठलंही भव्य तत्त्वज्ञान नव्हतं. औषध दिलं, दाब मोजला, लिहून ठेवलं. पण आता जगानं ते वाचलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला, त्याचं नाव रेसर्पिन. न्यू यॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर वापरून पाहिलं आणि १९५४ मध्ये त्यावर लिहिलं. १९५७ सालच्या प्रतिष्ठेच्या लास्कर पुरस्कारात क्लाइन आणि वकील या दोघांचीही नावं होती. रक्तदाबाच्या कामासाठी वकील आणि मनोविकारासाठी क्लाइन, आणि झुडूप तेच.

इथे १९४९ या सालाकडे जरा थांबून बघा. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियम उन्मादावर चालतं असं दाखवलं. आणि त्याच वर्षी वैद्यकाचं नोबेल मिळालं एगास मोनिझ यांना, कशासाठी, तर लोबोटॉमीसाठी! म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले धागे कापून टाकायचे, रुग्ण शांत होतो. एकाच वर्षात एकीकडे मुळ्या आणि क्षार घेऊन चाचपडणारे डॉक्टर, आणि दुसरीकडे सुरी घेतलेले. पारितोषिक सुरीला मिळालं. औषधं येत गेली तशी काही वर्षांतच ती सुरी हळूहळू बाजूला पडली, पण तोवर हजारो माणसं कायमची बदलून गेली होती.

रेसर्पिनचीही एक काळी बाजू होती. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य येऊ लागलं. काहींचे हात थरथरू लागले, चेहरा निर्विकार झाला, चाल आखडली. अगदी पार्किन्सन्ससारखी. आपल्या धंद्यातल्या लोकांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. एक ओळ बदलली आणि तिसऱ्याच मॉड्यूलमध्ये बग उगवला, तर चांगला प्रोग्रॅमर वैतागून पॅच परत घेत नाही, तो विचारतो की या दोन गोष्टी आतून जोडलेल्या आहेत की काय?

स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. रेसर्पिन मेंदूतली काही रसायनं रिकामी करून टाकतं, एवढं तोवर कळलं होतं. १९५७ मध्ये कार्लसन आणि सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून मख्खासारखे बसून राहिले. मग त्यांना डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. पुढच्या एक-दोन वर्षांत दिसलं की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या भागातच ठासून भरलेलं असतं. तोवर डोपामिनला कुणी विचारत नव्हतं, ते म्हणजे दुसरं काहीतरी बनवण्याच्या वाटेवरचं एक स्टेशन, असं समजत. या कामासाठी कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

आता हे डोपा आलं कुठून? १९१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या गुगनहाइम यांनी ते एका प्रकारच्या घेवड्यातून वेगळं काढलं होतं. त्यांनी स्वतःच अडीच ग्रॅम गिळून पाहिलं आणि उलट्या झाल्या. बहुतेकांना वाटलं, याचा काही उपयोग नाही. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच रसायन खाजकुइलीच्या बियांतून काढलं. आणि पुन्हा कपाटात ठेवलं गेलं, कारण त्याचं करायचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं. उत्तर तयार होतं, प्रश्न यायचा होता. तो प्रश्न वीस वर्षांनी विचारला गेला, आणि विचारायला कारण ठरली सर्पगंधा. आपल्याच रानातल्या दोन वनस्पती, एक मेंदूतलं डोपामिन रिकामं करणारी आणि दुसरी ते भरणारी, गाठ पडली ती स्वीडनमध्ये, सशांच्या मेंदूत.

पुढचा भाग झपाट्यानं घडला. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या हॉर्निकिविझ यांनी पार्किन्सन्सनं मेलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि तिथे डोपामिन जवळजवळ संपलेलं आढळलं. १९६१ मध्ये त्यांनी आणि बर्कमायर यांनी रुग्णांना लेवोडोपाची इंजेक्शनं दिली. अंथरुणाला खिळलेली माणसं काही तास चालू लागली. १९६७ मध्ये अमेरिकेत कोत्झियास यांनी तोंडावाटे, अगदी थोड्या डोसापासून हळूहळू वाढवत नेऊन औषध टिकाऊ करून दाखवलं. गुगनहाइमना उलट्या झाल्या त्या एकदम घेतल्यामुळे. पायरी-पायरीनं चढलं की शरीर सहन करतं.

१९६९ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या एका रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स नावाच्या तरुण डॉक्टरनं, दशकानुदशकं पुतळ्यासारख्या बसलेल्या रुग्णांना हे औषध दिलं आणि ते ‘जागे’ झाले. रॉबर्ट डी नीरोचा ‘अवेकनिंग्ज’ पाहिला असेल तर हीच ती गोष्ट. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इकडे बोईसरच्या शेजारी, तारापूरला, देशातली पहिली अणुवीज व्यावसायिकरीत्या सुरू झाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, मला फक्त तो काळ डोळ्यांपुढे आणायचा आहे. माणसाला एकाच वेळी अणू आणि मेंदू दोन्ही हाताशी आल्यासारखे वाटत होते.

पण सॅक्सचे रुग्ण जागेच राहिले नाहीत. लेवोडोपाचं दुखणं पुढे सगळ्यांच्याच अनुभवाला आलं. सुरुवातीची काही वर्षं औषध सुरेख चालतं. मग एका गोळीचा असर दुसऱ्या गोळीपर्यंत पुरेनासा होतो. असर असताना अंग आपोआप वळवळतं, असर उतरला की माणूस दारातच थिजतो. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ हे शब्द डॉक्टर आणि रुग्ण अक्षरशः वापरतात. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगायला नको, घरातलं घड्याळ गोळीच्या वेळांवर चालू लागतं.

दरम्यान खाजकुइली मुंबईत परत आली. १९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांवर तिच्या बियांची पूड वापरून निष्कर्ष छापले. १९९५ मध्ये ‘एचपी-२००’ नावाच्या, याच बियांपासून केलेल्या औषधाचा ६० रुग्णांवरचा, अनेक केंद्रांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये लंडनमध्ये ८ रुग्णांवर रीतसर तुलना झाली. त्यात खाजकुइलीचा असर नेहमीच्या गोळीपेक्षा जवळजवळ निम्म्या वेळात सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. आठच रुग्ण, तेव्हा लगेच झेंडे नाचवायचं कारण नाही. आणि ‘आमच्या ग्रंथांत सगळं आधीच होतं’ असं म्हणणाऱ्यांनाही एक नम्र सूचना. आयुर्वेदात कंपवाताचं वर्णन आहे, कपिकच्छूच्या बियाही आहेत, पण डोपामिन कमी पडतं म्हणून कंप होतो हे दाखवायला ससे आणि सूक्ष्म मोजमापच लागलं. उलट बाजूनं, ज्यांना जुनं म्हणजे सगळं भाकड वाटतं त्यांनीही वकिलांचे ५० रुग्ण आठवावेत. (आणि कृपा करून कुंपणावरच्या बिया आणून घरी पूड करू नका. प्रत्येक वेलीत प्रमाण वेगळं, चालू गोळ्यांबरोबर डोस दुप्पट होऊ शकतो.)

आपल्या किनाऱ्याशी जोडलेला आणखी एक दुवा आहे. डहाणू-घोलवडपासून तारापूरपर्यंत पारशी-इराणी वस्ती जुनी, चिकूच्या वाड्यांची. तारापोरवाला हे आडनाव इथलंच. १९८८ मध्ये डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी कॉलन्यांमध्ये घरोघर जाऊन १४,०१० लोकांची पाहणी छापली. पार्किन्सन्सचं प्रमाण निघालं लाखात सुमारे ३२८. भारतातला तो एक फार मोठा आकडा. त्यात एक साधं कारण हेही, की पारशी समाजात वयस्कांचं प्रमाणच जास्त. हा आजार वयाबरोबर वाढतो. म्हणजे जो समाज दीर्घायुषी होईल त्याच्या वाट्याला हा येणारच. आज जे पारशी कॉलनीत दिसलं ते उद्या पालघर-बोईसरच्या सोसायट्यांमध्ये दिसणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता विजेकडे येऊ. वीज आणि मेंदू म्हटलं की आपल्याला आठवतो ‘शॉक’. ‘ज्वेल थीफ’मध्ये देव आनंदला दिला तो, किंवा जॅक निकल्सनला ‘ककूज नेस्ट’मध्ये. मुळात ही कल्पना एका चुकीच्या समजुतीतून आली. १९३४ मध्ये बुडापेस्टच्या मेडुनाला वाटलं की फिट येणारे आणि स्किझोफ्रेनियाचे रुग्ण हे एकमेकांच्या उलट आहेत, तेव्हा औषधानं मुद्दाम फिट आणली तर दुसरा आजार पळेल. १९३८ च्या एप्रिलमध्ये रोमला चेर्लेत्ती आणि बिनी यांनी औषधाऐवजी वीज वापरली. समजूत चुकीची, पण काही रुग्ण खरोखर बरे झाले, विशेषतः खोल नैराश्याचे आणि थिजून गेलेले. आजही तीव्र नैराश्यात, जीवच धोक्यात असताना, हा सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक आहे. काही काळाच्या आठवणी पुसल्या जाणं हा त्याचा खरा तोटा, आणि तो लपवूही नये.

दोष विजेपेक्षा ती देण्याच्या रीतीत होता. बेशुद्ध न करता, स्नायू शिथिल न करता शॉक दिला की रुग्णाला चार जणांनी धरून ठेवावं लागे, हाडं मोडत, आणि दुसऱ्या वेळेला तो त्या खोलीच्या दाराशीच किंचाळे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच स्नायू शिथिल करणारं औषध हाताशी आलं होतं. तरी आपल्याकडे भूलतज्ज्ञांची टंचाई, खर्च, गर्दी या नावाखाली जुनी पद्धत पुढे अनेक दशकं चालली. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडानं बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, तेव्हा देश हादरला आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. भुलीशिवाय शॉक द्यायला स्पष्ट बंदी आली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं. तो २०१८ मध्ये लागू झाला.

पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. इथल्या लोकांच्या तोंडी ‘ठाण्याला नेलं’ याचा एक वेगळाच अर्थ आहे, कारण १९०१ सालचं मनोरुग्णालय तिथे आहे. ‘ठाण्याला पाठवायला हवं याला’ ही कट्ट्यावरची थट्टा आपण सगळ्यांनीच ऐकलीय. त्या थट्टेची किंमत अशी, की ज्याला उपचार हवेत तोही शेवटपर्यंत ते नाव घेत नाही, भगताकडे जातो, अंगारा लावतो, आणि पोहोचतो तेव्हा दोन-चार वर्षं हातची गेलेली असतात.

विजेचा दुसरा अवतार फार वेगळा. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये ग्रनोब्लला सर्जन बेनाबिद कंपाच्या रुग्णाची शस्त्रक्रिया करत होते. तेव्हाची रीत अशी की मेंदूतला एक छोटा भाग जाळायचा, आणि जाळण्याआधी जागा बरोबर आहे का हे पाहायला हलकी वीज द्यायची. त्यांना दिसलं की सेकंदाला शंभराच्या आसपास ठोके दिले की कंप जागच्या जागी थांबतो. मग जाळायचं कशाला? तारच आत ठेवली, छातीच्या त्वचेखाली पेसमेकरसारखी डबी बसवली. चुकलं तर बंद करता येतं, कमी-जास्त करता येतं. लोबोटॉमी आणि यात फरक हाच: इथे अन-डू आहे. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी ही शस्त्रक्रिया सुरू केली. २०१४ मध्ये बेनाबिदनाही लास्कर मिळालं, वकिलांनंतर ५७ वर्षांनी.

इंजिनिअर असल्यामुळे हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. ३ व्होल्ट, अडथळा सुमारे हजार ओहम, ठोका ६० मायक्रोसेकंदांचा, सेकंदाला १३० ठोके. मेंदूत जाणारी सरासरी शक्ती येते साधारण ७० मायक्रोवॉट. तारापूरचा तिसरा किंवा चौथा संच घ्या, क्षमता ५४० मेगावॉट. म्हणजे एक संच साडेसात लाख कोटींहून अधिक मेंदूंना पुरेल. पृथ्वीवर तेवढी माणसंच नाहीत. :)  विजेची टंचाई नाही, तार नेमकी कुठे ठेवायची हे जाणणाऱ्या हातांची आहे.

कारण इथे मिलिमीटरला किंमत आहे. १९९९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी एक घटना नोंदवली. पासष्ट वर्षांची एक बाई, पार्किन्सन्सची रुग्ण, आधी कधीही मनाचा आजार नाही. तारेवरच्या एका टोकातून वीज दिली की हालचाल सुधारायची. त्याच्या फक्त २ मिलिमीटर खालच्या टोकातून दिली, आणि काही सेकंदांत ती रडू लागली, जगण्यात अर्थ नाही म्हणू लागली. वीज बंद केली, दीड मिनिटात सगळं गेलं. आपण ज्याला ‘मनाला लावून घेतलंस’, ‘जरा खंबीर हो’ म्हणतो, ते दोन मिलिमीटरवर होतं.

साहजिकच उलटा प्रयोग सुचला. २००५ मध्ये हेलन मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या ६ नैराश्यग्रस्तांच्या मेंदूत तारा ठेवल्या, चार जणांना लक्षणीय फरक पडला. २००९ मध्ये अमेरिकेत अतितीव्र मंत्रचळासाठी मर्यादित परवानगी मिळाली. पण नैराश्यावरची मोठी चाचणी पुढे मध्येच थांबवावी लागली, खरी वीज आणि बंद डबी यांत पुरेसा फरक दिसेना. कंप डोळ्यांना दिसतो, मोजता येतो. दुःख मोजायला अजून आपल्याकडे तसं मीटर नाही.

आणि आपल्या कायद्यातही ही रेघ उमटलेली आहे. कंपासाठी मेंदूत तार घालायची तर रुग्णाची आणि डॉक्टरची संमती पुरते. मानसिक आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची, तर रुग्णाच्या संमतीवर मानसिक आरोग्य मंडळाची मंजुरीही लागते. कुणाला हे अन्यायाचं वाटेल. मेंदू तोच, तार तीच, मग एकाला दार उघडं आणि दुसऱ्याला अर्ज करा का? मला मात्र १९४९ चं नोबेल आठवतं. त्या हजारो लोकांना कुणी विचारलं नव्हतं. मंजुरीला उशीर होतो, पण बेड्या, सुऱ्या आणि भुलीशिवायचे शॉक पाहिलेल्या या शाखेनं एक पायरी जास्त चढावी, हे ठीकच. फक्त मंडळ कागदावर न राहता वेळेवर बसायला हवं, नाहीतर संरक्षणाचंच कुलूप होतं.

शेवटी प्रश्न उरतो तो पोहोचण्याचा. २०१३ पासून डहाणूहून थेट चर्चगेटची लोकल आहे, पण थिजलेल्या पायांनी ती पकडून दाखवा. तारांच्या शस्त्रक्रियेचा खर्च कित्येक लाखांत जातो, तो मोखाड्याच्या शेतकऱ्याला शक्य नाही. लेवोडोपाची गोळी मात्र स्वस्त आहे, आणि मुंबईत २००१ मध्ये डॉ. सिंघल आणि मारिया बॅरेटो यांनी सुरू केलेल्या पार्किन्सन्स सोसायटीसारख्या, पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या संस्था रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतात. गोळी आहे, व्यायाम आहे, माणसं आहेत. बहुतेक ठिकाणी कमी पडते ती पहिली शंका. हाताचा कंप ‘वयानं होतंच’ म्हणून सोडून दिला जातो, अक्षर बारीक होत जातं, चेहऱ्यावरचं हसू मावळतं आणि घरचे म्हणतात, ‘हल्ली बाबा तुसडे झालेत’.

तेव्हा दिवाळीला घरी जाल तेव्हा एवढंच करा. आईबाबांना एका कागदावर चार ओळी लिहायला सांगा, आणि पाच-सात वर्षांपूर्वीची त्यांची एखादी चिठ्ठी शेजारी ठेवून बघा. अक्षर फारच आक्रसलेलं दिसलं तर जवळच्या फिजिशियनकडे घेऊन जा. डॉ. वकिलांनीही यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं.